परिषदेला समुद्रकिनाराच का लागतो? – मोर्चे, बंदोबस्त आणि आपण किनारेकर

सुवर्णदुर्गकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडतेय. लिहिणं लांबणार आहे, सवडीने वाचा.

पावसाळी बंदी सुरू आहे, होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत. माझा भाचा हर्णै बंदरात तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख आहे. परवा तो ओटीवर जाळ्याचा फाटका भाग विणत बसला होता आणि मी शेजारी मोबाईलवर वाचत होते. त्यात एक फोटो आला, तो त्याला दाखवला. १९९९ सालचं अमेरिकेतलं सिएटल शहर. रस्ताभर माणसं, आणि त्यांत कासवाचा वेश घेतलेले शेदोनशे लोक, पाठीवर हिरवट कवच बांधून चाललेले. भाच्याने हातातली सुई थांबवली. म्हणाला, "आत्या, ही माणसं कासवं का झालीत?"

मी सांगितलं. तिथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली होती. अमेरिकेचा एक कायदा होता: कोळंबीच्या ट्रॉल जाळ्याला कासव निसटून जाईल अशी खिडकी बसवलेली नसेल, तर त्या देशाची कोळंबी घ्यायची नाही. या खिडकीला टेड म्हणतात. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड या कायद्याविरुद्ध संघटनेकडे गेले, आणि १९९८ साली निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. तो राग धरून हे लोक कासवं होऊन रस्त्यावर उतरले.

भाचा म्हणाला, "म्हणजे मोर्चा आमच्याच विरुद्ध होता."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण याच पोराने जाळ्यात आलेलं कासव जाळं कापून सोडलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्या दिवशी जाळ्याचा खर्च अंगावर घेतलाय. वेळासला, अंजर्ल्याला आपलीच गावं रात्र-रात्र जागून अंडी राखतात. कासवाच्या बाजूला तो आहेच. आणि कोळंबी बंद झाली तर पोट त्याचंच जातं. मग तो म्हणाला, "तिथं आमच्यातलं कोण होतं का?" हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून मी या परिषदा, त्यांच्याभोवतीचे मोर्चे आणि बंदोबस्त याबद्दल मिळेल ते वाचतेय. त्यातून मला जे दिसलं ते असं.

सिएटलला चाळीस हजारांच्या वर लोक जमले होते. कामगार संघटना, शेतकरी, पर्यावरणवाले, विद्यार्थी. त्यांनी चौक अडवले, प्रतिनिधींना सभागृहापर्यंत पोचता येईना. पोलिसांची तयारी कमी पडली, अश्रुधूर आला, काचा फुटल्या, संचारबंदी लागली, नॅशनल गार्ड बोलावलं. पुढे पोलीसप्रमुखांनी पद सोडलं. परिषद फिसकटली. ती निव्वळ मोर्चामुळे फिसकटली असं मी म्हणणार नाही. आत गरीब देशांचे प्रतिनिधीही चिडलेले होते, की खरी बोलणी बंद खोलीत चार बड्यांत होतात आणि आम्हाला फक्त सही मागतात. पण बाहेरचा आवाज आत पोचला होता, हे नक्की.

त्यानंतर काय झालं ते बघा. पुढची मंत्रिपरिषद २००१ च्या नोव्हेंबरात कतारमधल्या दोह्याला. तिथे तेव्हा व्हिसाशिवाय पाऊल ठेवता येत नव्हतं, मोर्चाचा प्रश्नच मिटला. त्याच वर्षी जुलैत जी-आठची, म्हणजे आठ बड्या देशांची, बैठक इटलीत जिनोआला झाली. जिनोआ बंदराचं शहर, आपल्यासारखंच डोंगर आणि दर्या यांच्यामध्ये अडकलेलं. मधला भाग 'लाल क्षेत्र' म्हणून उंच लोखंडी जाळ्या लावून बंद केला, कुठे बोटीवर चढवायचे कंटेनर आडवे ठेवले. बहुतेक नेत्यांचा मुक्काम बंदरातल्या एका प्रवासी जहाजावर. विमानतळाजवळ क्षेपणास्त्रं. खिडक्यांत कपडे वाळत घालू नका, असंही शहराला सांगण्यात आलं होतं. २० जुलैला तेवीस वर्षांचा कार्लो जुलियानी पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या रात्री दियाझ नावाच्या शाळेत झोपलेल्या आंदोलकांना पोलिसांनी घुसून मारलं. तो छळच होता, असं युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१५ साली म्हटलं. चौदा वर्षांनी.

आणि मग २००२ ची जी-आठ बैठक कॅनडातल्या कनानास्किसला, डोंगरात. माणसांपासून लांब.

माझा मुद्दा इथे आहे. आधी कुंपण आलं, कुंपण पुरेना तेव्हा परिषदच उचलून दूर नेली. दूर म्हणजे कुठे? एक डोंगर, नाहीतर एक किनारा. २००४ ला अमेरिकेतलं सी आयलंड. २००७ ला जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरचं हायलिगेनडाम, तिथे बारा किलोमीटरचं कुंपण. २०१९ ला फ्रान्समधलं बियारित्झ. २०२१ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं कार्बिस बे. आपल्याकडे १९८३ ला राष्ट्रकुल प्रमुखांचा विसावा गोव्यात, २०१६ ची ब्रिक्स परिषद गोव्यात बाणावलीला, २०२३ ला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठकही तिथेच. किनाऱ्याला एक बाजू पाण्याची असते, तिथे नौदल उभं केलं की झालं. रस्ते दोन-तीनच असतात. गर्दीचं शहर जवळ नसतं. देखावाही चांगला.

पण ज्याला ते रिकामा किनारा समजतात, त्याच्यावर कोणाची तरी होडी ओढलेली असते.

पहाऱ्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: पहारा असा हवा की आत बसलेल्याला बाहेर उभा असलेला माणूस दिसेल, ऐकू येईल. आणि ज्यांच्या अंगणात पहारा बसतो त्यांना आधी, लेखी आणि मराठीत कळायला हवं. तुमचे अनुभव लिहा.

रापणकार

ताई, तुमी लिवलास ता खरा. माझ्या बापाशीची रापण होती, आता माझी असा. मोठो पावणो येवचो असलो काय आमचो दर्यो बंद. कागद खंय? कागद नाय. एक माणूस येता, शिटी मारता, सांगता उद्या कोणी जावचा नाय.

एकदा आदल्या राती आठ वाजता सांगल्यानी. तोपर्यंत बरफ भरलेलो, डिझेल भरलेला, खलाशी नेपाळी ते जेवान झोपलेले. बरफ तर इरगाळतलोच मा? त्या दिसाची मजुरी कोण देतलो? मी रागान नाय लिवत. पावणो येवंदे, आमच्या गावाचा नाव होवंदे. पण आमका आदी सांगा. चार दिस आदी सांगलास तर मी बरफच भरूचय नाय.

दिवेआगरवाडी

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो, कारण ती आमच्या दारात घडलेली आहे.

१९९३ ला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. ते आरडीएक्स आमच्या श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. मी तेव्हा दहावीत होतो. त्यानंतर कित्येक वर्षं गाव सांगितलं की समोरचा माणूस एक क्षण गप्प व्हायचा. २००८ ला दहा जण कुबेर नावाची मच्छीमार बोट पळवून मुंबईत शिरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट वाहत आली, त्यात तीन एके-४७. पुढे ती एका ऑस्ट्रेलियन बाईची निघाली, ओमानकडे बंद पडून सोडून दिलेली, घातपात नव्हता. पण ते कळेपर्यंत आम्ही काय अवस्थेत होतो ते आम्हालाच माहीत. दहीहंडी तोंडावर होती, आई रात्रभर झोपली नाही.

तेव्हा किनाऱ्यावर पाच-दहा देशांचे प्रमुख एकत्र बसणार असतील तर दर्या चार दिवस बंद ठेवावाच लागेल. पाण्यात 'मोर्चा' आणि 'हल्ला' लांबून सारखेच दिसतात. हायलिगेनडामला ग्रीनपीसच्या रबरी बोटी बंदी असलेल्या पाण्यात घुसल्या, पोलिसांनी त्यांच्यावर आपल्या बोटी घातल्या, माणसं जखमी झाली. चूक कोणाची, हे त्या क्षणी कोण ठरवणार?

सुवर्णदुर्गकाठ

दिवेआगरवाडी, तुमची आई त्या रात्री झोपली नाही हे वाचून मला आमच्याकडची तीच रात्र आठवली. तुमचं म्हणणं मी खोडत नाही. दोनच गोष्टी सांगते.

कुबेरमधले लोक रबरी होडीने कफ परेडला उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. आपल्याकडे सागर रक्षक दलात कोण आहे? आपलीच पोरं. 'सागर कवच'च्या कवायतीत अनोळखी बोट दिसली की फोन कोण करतं? तांडेल. ज्याच्या डोळ्यांवर किनाऱ्याची सुरक्षा उभी आहे, त्यालाच बंदोबस्ताच्या दिवशी संशयित म्हणून बाजूला काढायचं, हे मला चूक वाटतं. तो त्या दिवशी दर्यात असेल तर तो पहाराच आहे.

दुसरं. २००५ ची जी-आठ बैठक स्कॉटलंडमध्ये ग्लेनइगल्सला होती. लंडनचे दीडेक हजार पोलीस तिकडे बंदोबस्ताला गेले होते. ७ जुलैला स्फोट झाले लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये, ५२ माणसं गेली. नेत्यांभोवतीचं कडं म्हणजे लोकांची सुरक्षा नव्हे. दोन्ही वेगळी मोजायला हवीत.

बंदोबस्तवाला

मी गोव्यात पोलीस खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. मूळ पेडण्याचा. २०१६ च्या ब्रिक्सला ड्युटी होती म्हणून लिहितो.

१५ आणि १६ ऑक्टोबर. उरीचा हल्ला आणि त्यानंतरचा सर्जिकल स्ट्राइक होऊन जेमतेम पंधरवडा झालेला. पुतिन, शी जिनपिंग, ब्राझीलचे तेमेर, दक्षिण आफ्रिकेचे झुमा, आपले पंतप्रधान, वर बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या गटाचे प्रमुख. त्या दिवसांत बंदोबस्तावरच्या प्रत्येकाच्या पोटात गोळा होता. लोकांना वाटतं पोलिसाला मजा येते अडवण्यात. बारा बारा तास एका पॉइंटवर उभं राहायचं, पाणी मोजून प्यायचं कारण पॉइंट सोडता येत नाही. ऑक्टोबरचं ऊन. ताफा जाणार म्हणून वायरलेसवर तीनदा सांगतात आणि तीनदा तो जात नाही.

माझ्या पॉइंटवर एक म्हातारी आली, डोक्यावर पाटी, वर केळीचं पान. बांगडे होते. तिची रोजची वाट तिथूनच. तिला म्हटलं, मावशी, आज हय वाट बंद. ती भांडली नाही. पाटी खाली ठेवून तिथेच बसली. ऊन चढत होतं आणि तिची मासळी माझ्यासमोर खराब होत होती. शेवटी वायरलेसवर विचारलं, एका महिला शिपायाला बरोबर दिलं आणि मागच्या गल्लीने तिला सोडलं. पाच मिनिटांचं काम होतं. पण ते विचारायला मला पाऊण तास धीर झाला नाही, कारण वरून हुकूम एकच होता, कोणालाही नाही. सांगायचं हे की शिपायाच्या हातात थोडी मोकळीक दिली तर निम्मी भांडणं होतच नाहीत. गावातल्या वाटा ठाऊक असलेला माणूस पॉइंटवर ठेवा. बाहेरून आणलेल्या कंपनीच्या जवानाला बाजाराची वाट कुठली आणि मसणाची कुठली, काय कळणार?

जिनोआचं वरती वाचलं. ज्याने गोळी झाडली तो सक्तीच्या सेवेतला विशीतला पोरगा होता. माझी इतकी वर्षं बंदोबस्तात गेली, मी खात्रीने सांगतो, दमलेला आणि घाबरलेला नवखा पोरगा हातात भरलेलं हत्यार देऊन जमावासमोर ठेवू नये. त्याच्यासाठीही आणि जमावासाठीही.

एल्बेकाठी

मूळ गाव गुहागर, नोकरीनिमित्त हॅम्बुर्गला. २०१७ च्या जी-२० च्या वेळी मी इथेच होतो.

आमचं तर उलट झालं. परिषद डोंगरात नाही, किनाऱ्यावर नाही, ऐन शहरात भरवली. प्रदर्शन-हॉलच्या शेजारी शांत्सेनफिर्टल (शांत्से) ही वस्ती, जिथे डाव्या चळवळीचं जुनं ठाणं आहे. महापौर तेव्हा ओलाफ शोल्झ, पुढे जर्मनीचे चान्सलर झाले. ते आधी म्हणाले होते की आम्ही दरवर्षी बंदराचा वाढदिवस साजरा करतोच की. म्हणजे काळजीचं काही नाही. पुढे त्यांना शहराची माफी मागावी लागली.

३८ चौरस किलोमीटरमध्ये सभाबंदी लावली. ६ जुलैच्या संध्याकाळी मासळीबाजारापासून निघणारा मोर्चा पोलिसांनी सुरुवातीलाच अडवला, चेहरे झाकलेले लोक आहेत म्हणून. तिथून बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जळल्या, रात्री शांत्सेमध्ये दुकानं लुटली, पोलीस कितीतरी तास आत शिरलेच नाहीत. त्याच वेळी सगळे नेते एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहात बीथोव्हेनची नववी सिंफनी ऐकत होते. माझ्या घराच्या खिडकीतून हेलिकॉप्टरचा आवाज थांबत नव्हता.

पण ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते सांगतो. ८ तारखेला, शनिवारी, पन्नास हजारांच्या वर माणसं शांतपणे चालली. बाबागाडीत मुलं, म्हातारे, चर्चवाले, कुर्दिश लोक. दगड नाही, काही नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांत मात्र जळती गाडी आली. आणि रविवारी हजारो लोक झाडू, बादल्या, घासण्या घेऊन शांत्सेमध्ये सफाईला आले. मीही गेलो. माझ्या शेजारी एक आजी भिंतीवरचा रंग घासत होत्या, त्यांना मी विचारलं तुम्ही कोणाच्या बाजूच्या? म्हणाल्या, मी या रस्त्यावर पंचेचाळीस वर्षं राहते.

नुकसानभरपाईसाठी केंद्र आणि शहर मिळून चार कोटी युरोपर्यंतचा निधी ठेवला गेला. रापणकार, तुमच्या बर्फाचा प्रश्न इथे निदान कागदावर होता.

काळा_कोट

कायद्यापुरतं लिहितो, कारण 'शिट्टी मारली आणि बंद' हे वाचून राहवलं नाही.

शांततेने, बिनहत्यारी जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ब) मध्ये आहे. त्यावर वाजवी निर्बंध येऊ शकतात, पण निर्बंध कोणी, कसा, किती काळ, हे लेखी असावं लागतं. जमावबंदीच्या जुन्या कलम १४४ च्या जागी आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या ३७(३) खाली जमावबंदी लागते, ती शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर नेता येत नाही. १९७३ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, पण सरसकट नाकारायचा अधिकार नाही. २०१८ साली जंतरमंतरच्या प्रकरणात न्यायालयाने राहणाऱ्यांची शांतता आणि आंदोलकांचा हक्क यांचा मेळ घाला, सगळंच बंद करू नका, असं म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे आणि कायदेशीर मतप्रदर्शन दाबायला ते वापरता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शाहीनबागेच्या निकालात हेही सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. दोन्ही बाजू वाचाव्यात.

तेव्हा ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सोसायटीने पहिलं काम करायचं ते आदेशाची प्रत मागण्याचं. भांडायचं नाही, घोषणा नाही. फक्त प्रत. तोंडी बंदी आणि लेखी बंदी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण लेखी असेल तर भरपाई मागणं आणि दाद मागणं सोपं जातं.

मूळचा_राजापूर

वकीलसाहेबांच्या 'प्रत मागा' ला माझा अनुभवाने दुजोरा. मी टोरोंटोत आहे. २०१० च्या जूनमध्ये इथे जी-२० झाली. शहरभर एक समजूत पसरली की कुंपणापासून पाच मीटरच्या आत आलात आणि ओळख सांगितली नाहीत तर पोलीस अटक करू शकतात. लोक त्याला धरून वागले, पोलीसही वागले. मागाहून कळलं की असा पाच मीटरचा नियम नव्हताच. १९३९ सालच्या, युद्धकाळातल्या एका कायद्याखाली गुपचूप काढलेला आदेश होता, आणि तो कुंपणाच्या आतल्या भागापुरता. ओंटारिओच्या लोकपालांनी त्यावर कडक अहवाल दिला.

त्या दोन दिवसांत अकराशेच्या वर माणसं धरली. रविवारी संध्याकाळी क्वीन आणि स्पॅडायना रस्त्यांच्या चौकात पोलिसांनी चारी बाजूंनी कडं करून शेकडो लोकांना मुसळधार पावसात तासन्‌तास उभं ठेवलं. त्यात मोर्चेकरी होते तसे दूध आणायला निघालेलेही होते. माझी बायको त्या चौकापासून दोन गल्ल्या अलीकडे होती, ट्राम बंद पडली म्हणून चालत येत होती. ती घरी पोचेपर्यंत मी दारात उभा होतो. २०२० साली त्या सगळ्यांच्या दाव्यात १ कोटी ६५ लाख डॉलरांची तडजोड झाली. दहा वर्षं लागली, पण झाली.

आता गावचं. ६ डिसेंबर २०१० ला दिल्लीत फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले आणि जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा करार झाला. तिथे कॅमेरे, हस्तांदोलन, कारंजी. पाच महिन्यांत, १८ एप्रिल २०११ ला, साखरीनाट्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि आमच्या बंदरावरचा एक तरुण मच्छीमार गेला. मी टोरोंटोतून फोन लावत होतो, लाईन लागत नव्हती. सुवर्णदुर्गकाठ, तुमच्या भाच्याने विचारलं ना, तिथं आमच्यातलं कोण होतं? दिल्लीच्या त्या दालनात साखरीनाट्याचं कोणी नव्हतं. असतं, निदान दाराबाहेर दिसत असतं, तर पुढचं टळलं असतं का, मला माहीत नाही. पण ऐकायचं राहून गेलेलं ऐकलं तरी गेलं असतं.

कर्दे_होमस्टे

कार्बिस बे वरून थोडं. आमच्यासारख्याच खोल्या देणाऱ्या लोकांचा तो भाग. साडेसहा हजार पोलीस, त्यांतल्या हजारेकांना राहायला फालमथ बंदरात अख्खं जहाज आणून उभं केलं होतं. पण मला आवडला तो तिथल्या सर्फर लोकांचा निषेध. शेकडो जण फळ्या घेऊन फालमथच्या किनाऱ्यावरून पाण्यात गेले, समुद्र वाचवा म्हणून. बंदी असलेल्या पाण्यात नाही, पण कॅमेऱ्यांच्या टप्प्यात. आपल्याकडे तशी एक जागा आधीच ठरवून दिली तर होड्यांना बावटे लावून उभं राहता येईल. नारळी पौर्णिमेला आपण होड्या सजवतोच.

परिषद आली तर माझ्या खोल्या भरतील, हेही खरं सांगतो. मला ती यायला हवी आहे.

दिवेआगरवाडी

कर्दे_होमस्टे यांनी सांगितलेली ठरवून दिलेली पाण्याची जागा मला मान्य आहे. होड्यांचे नंबर आधी नोंदवलेले, खलाशांची बायोमेट्रिक कार्डं तपासलेली, सोबत सागर रक्षक दलाचा माणूस. मग लांबून मोर्चा आणि हल्ला सारखे दिसणार नाहीत. माझी हरकत एवढीच होती.

सुवर्णदुर्गकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले. म्हातारीच्या बांगड्यांचं दोनदा वाचायला लावलं.

त्याच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालंय ते सांगते. २००५ च्या डिसेंबरात हाँगकाँगला व्यापार संघटनेची परिषद होती. कोरियाचे शेतकरी लाइफ जॅकेट घालून बंदराच्या पाण्यात उतरले आणि सभागृहाच्या दिशेने पोहत निघाले. परिषद पाण्याच्या काठावर होती आणि निषेधाची जागा तिच्या नजरेच्या टप्प्यात दिलेली होती, म्हणून ते दिसले तरी. पुढच्या दिवसांत ते तीन पावलं चालून एकदा जमिनीला डोकं टेकवत रस्त्याने गेले. शेवटी झटापट, अश्रुधूर, हजाराच्या आसपास धरपकड, हेही झालं. त्याआधी २००३ ला मेक्सिकोत कानकूनला कुंपण सभागृहापासून मैलोगणती लांब होतं. तिथे ली क्युंग-हे नावाचा कोरियन शेतकरी त्या कुंपणावर चढला आणि त्याने स्वतःला भोसकून घेतलं. तो वारला. कुंपण कुठे उभं करायचं ही गोष्ट नुसत्या बंदोबस्ताच्या नकाशावरची नाही, असं मला त्या दिवशी वाचताना वाटलं, आणि मी मोबाईल बाजूला ठेवला.

आपलं म्हणाल तर जून २०२२ ला जिनिव्हाच्या परिषदेत मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला, तेव्हा भारतातले मच्छीमार तिथे जाऊन निषेधाला उभे राहिले होते. तो करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय. मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि संपत चाललेली मासळी यांबद्दल तो आहे; उरलेल्या अनुदानांवर बोलणी अडली आहेत, भारत विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागतोय. हर्णैच्या सोसायटीत डिझेल परताव्याची चर्चा निघते तेव्हा तिचं एक टोक तिथे आहे. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग टेडचंही कोणीतरी इथं येऊन दाखवा. अमेरिकेने आपली दर्यातली कोळंबी २०१९ पासून बंदच केलीय, आणि ती खिडकी मी अजून डोळ्यांनी पाहिली नाही."

आम्ही सोसायटीसाठी एक अर्ज लिहितोय. कोणाच्या विरुद्ध नाही, पुढे कधी असं काही आलं तर आधीच हाताशी असावा म्हणून. मागण्या साध्या आहेत. बंदीचा आदेश लेखी, मराठीत, सात दिवस आधी सोसायटीच्या फळ्यावर. बुडालेल्या दिवसाची खलाशांना मजुरी. मासळीबाजाराची वाट उघडी, नाहीतर पर्यायी वाट आणि तिथे गावाचा माहीतगार माणूस. निषेधासाठी सभागृहातून दिसेल अशी एक जागा जमिनीवर आणि एक पाण्यावर. मसुदा उद्या टाकते, काळा_कोट यांनी तपासून द्यावा ही विनंती.

काळा_कोट

टाका. जरूर तपासतो. 'विनंती' ऐवजी 'मागणी' लिहा.

रापणकार

आनी एक लिवा ताई. 'सकाळपासून बंद' असा लिवान घेव नकात. भरती-ओहोटीची येळ बगून किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ता लिवान मागा. होडी रातची भायेर पडता, सकाळी परत येता. सकाळपासून बंद म्हटला तर भायेर गेलेली होडी आत कशी घेतलास?